देवीची खुर्ची

नारळाचा वास आला की मला अजून मळमळतं. लग्नाच्या पंगतीत नारळीभात वाढला की मी तो हळूच शेजारणीच्या ताटात सरकवते. ती विचारते, ‘पित्त होतं का हो?’ मी हो म्हणून मोकळी होते. पित्त वगैरे काही नाही. आमच्या नगरसारख्या कोरड्या गावात नारळ ही सत्यनारायणाला नाहीतर लग्नाला घरात यायची वस्तू. पण माझ्या लहानपणीचा एक काळ असा गेला की मी सकाळ-संध्याकाळ नारळच खाल्ला. आमटीत नारळ, भाजीवर नारळ, चटणी नारळाची, मधल्या वेळेला खोबऱ्याच्या वड्या, आणि सणवार नसताना ओल्या नारळाच्या करंज्या. दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती, गावात साखरेला आणि रॉकेलला रांगा होत्या, आणि आमच्या कोठीच्या खोलीत फोडलेल्या नारळांच्या वाट्या खवट होत होत्या. शेजारपाजारच्या बायका आईला म्हणत, ‘नशीब काढलंत बाई तुम्ही.’ खोबरं किसता किसता आईची बोटं सोलवटून निघालेली असत.

ते नारळ थेटरातून येत. माझ्या वडिलांचं, अण्णांचं, माळीवाड्याच्या बाजूला पत्र्याचं थेटर होतं आणि त्याच्या पाठीला पाठ लावून आमचं घर. स्वयंपाकघराची भिंत तीच थेटराची मागची भिंत. पडदा पलीकडे त्याच भिंतीला टांगलेला. त्यामुळे आम्ही मुलं सिनेमे पाहण्याआधी ऐकत असू. मशीनची घरघर, पत्र्यावर फडफडणारी कबुतरं, रीळ बदलताना अंधारात उठणाऱ्या शिट्ट्या, हे सगळं आमच्या जेवणाखाण्यात मिसळलेलं असे. आईला घड्याळ लागत नसे. नायिकेचं पहिलं गाणं सुरू झालं की ती डाळ चढवायची आणि खलनायक हसला की भाकरीचं पीठ मळायला घ्यायची. पूर्वी तिथे नाटकं होत. नाटकवाले पैसे बुडवून पळतात म्हणून अण्णांनी मशीन आणलं. सिनेमाचे नट पळून जात नाहीत, पेटीत बसून येतात आणि पेटीत बसून जातात, असं ते म्हणत आणि स्वतःच्या विनोदाला स्वतःच हसत.

हे सगळं आज उकरून काढायचं कारण मागच्या महिन्यात माझ्याकडे आलेला एक तरुण. गावातल्या जुन्या थेटरांवर त्याची मंडळी स्मरणिका काढणार आहेत, प्रदर्शनही भरवणार आहेत. तो बोलायला गोड होता, हातात ध्वनिमुद्रणाचं यंत्र होतं. ‘आजी, तुमच्या थेटरात तो देवीचा सिनेमा इतके आठवडे चालला, जिल्ह्यात तसा कुठलाच चालला नाही. त्या यशाचं रहस्य काय असेल? संगीत? कथा? नायिका? की लढाईत लोकांच्या हातात पैसा खेळत होता म्हणून?’ उत्तर द्यायला मी तोंड उघडायच्या आत त्याने स्वतःच चार उत्तरं दिली. शिकलेल्या लोकांची ही खोड मला फार जुनी माहीत आहे. त्याला चहा दिला आणि वाटेला लावला. जाता जाता तो आणखी एक गोष्ट बोलून गेला. ती शेवटी सांगते, कारण त्या गोष्टीने माझं डोकं फिरलं आणि म्हणूनच हे लिहायला बसले.

सिनेमा भिकार होता हे आधी सांगते. भिंतीतून मी तो इतक्या वेळा ऐकला आहे की हे सांगायचा अधिकार माझ्याइतका कुणाला नाही. एक सासुरवाशीण असते. सासरचे तिला छळतात, नवऱ्याला काही कळत नाही, शेवटी सासू तिला विहिरीत ढकलते. मग पाण्यातून देवी वर येते, सुनेला हातावर झेलते, आणि सासू पाय धरून रडते. देवी झालेली बाई अंमळ जाड होती आणि पाण्यातून वर येताना तिचा मुकुट कलायचा. पहिल्या आठवड्यात थेटरात कुत्रं फिरकलं नाही. जाहिरातीचा टांगा ताशा बडवत कापडबाजारातून रोज फिरत होता आणि लोक त्याच्याकडे पाठ करून सौदा करत होते. अण्णांनी नेहमीचे उपाय करून पाहिले. अर्धं थेटर रिकामं असताना बाहेर ‘हाउसफुल्ल’ची पाटी लावली. आपलीच चार माणसं तिकिटाच्या खिडकीवर भांडायला उभी केली. कशाचा उपयोग झाला नाही. पेट्या आठवडा संपताच परत पाठवायच्या, असं ठरलं.

त्या शेवटच्या दिवसांत कधीतरी, रिकाम्या बाकांची शोभा व्हावी म्हणून, अण्णांनी घरातल्या बायकांना दुपारच्या बायकांच्या खेळाला बसवलं. त्यात यमूआत्या होती. यमूआत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण यमुना. शेवगावकडे दिली होती. नवरा तापाने गेला, सासू म्हणाली हिने नवऱ्याला खाल्लं, आणि तिला बैलगाडीत बसवून आमच्या दारात सोडून गेले. अण्णा स्वतःला सुधारक म्हणवत, म्हणून तिचे केस राहिले. बाकी सगळं होतं तसंच. कपाळ मोकळं, हात मोकळे, अंगावर बिनकाठाचं लुगडं, एक वेळ जेवण. सकाळी देवाच्या वाती वळायच्या त्या तिने, पण कुणी शुभकामाला घराबाहेर पडत असलं की तिने आत जायचं. हे तिला कुणी सांगावं लागत नसे. जिन्यात चपलांचा आवाज आला की ती आपणहून उठायची. तिला बाहेरची हवा मिळावी असं अण्णांना कधी वाटलं नव्हतं. रिकामे बाक दिसले तेव्हा वाटलं.

मी तिच्या शेजारी होते. पडद्यावर सासूने सुनेला ढकललं आणि आत्या उभी राहिली. तिच्या तोंडून एक आवाज निघाला, तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. अंग थरथरायला लागलं, केस सुटले, ती दोन्ही हात वर करून घुमायला लागली. मशीनवाल्याने घाबरून खेळ थांबवला. बायका किंचाळत मागे सरल्या. मग केडगावची पारूबाई म्हणून एक बाई होती, आमच्याकडे दुधाचा रतीब घालायची, ती पुढे झाली. कमरेच्या पिशवीतून कुंकवाचा करंडा काढला आणि आत्याच्या कपाळावर बोटभर मळवट भरला. ‘आई आली गं! पाया पडा समद्या!’ असं ओरडून तिने आत्याच्या पायांवर डोकं ठेवलं. मग सगळ्याच पडल्या. मी डोळे फाडून बघत होते. आत्याच्या कपाळावर कुंकू मी जन्मात पाहिलं नव्हतं. ती फार सुंदर दिसत होती.

घरी आल्यावर अण्णांनी तिला उभी-आडवी झापली. घराण्याची अब्रू, विधवेच्या कपाळी कुंकू, वगैरे वगैरे. आत्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. दुसऱ्या दिवशी मात्र सकाळपासूनच थेटरासमोर बैलगाड्या येऊन थांबायला लागल्या. पारूबाईने दुधाबरोबर बातमीही घरोघर घातली होती. केडगावच्या बायका आल्या, भिंगारच्या आल्या, पारनेरच्या वाटेवरच्या खेड्यांतून लेकी-सुना-सासवा भाकऱ्या बांधून आल्या. तिकिटाच्या खिडकीवर या वेळी भांडणारी माणसं आपली नव्हती. अण्णा आत आले, आत्यासमोर उकिडवे बसले आणि इतक्या मऊ आवाजात बोलले की आई स्वयंपाकघरातून डोकावली.

‘यमू, जरा येऊन बसतेस का? बायका फार लांबून आल्यात.’

‘आणि अंगात नाही आलं तर?’

‘येईल गं. नाही आलं तर...’ अण्णांनी इकडे-तिकडे पाहिलं. ‘श्रद्धा ठेव.’

तेव्हापासून ती रोज जाऊ लागली. बायकांच्या बाकांपुढे तिच्यासाठी एक लाकडी खुर्ची ठेवली. थेटराच्या दारात अण्णांनी देवीची मूर्ती बसवली, चपला बाहेर काढायचा नियम केला, आणि नारळाचं दुकान लावलं. ते दुकान आमचंच होतं. बायका पडद्यासमोर नारळ फोडत, विहिरीचा प्रसंग आला की आत्या घुमायला लागे, त्या तिला मळवट भरत आणि तिची ओटी भरत. तांदूळ मिळत नव्हते म्हणून गव्हाने भरत. त्या गव्हाच्या पोळ्या आम्ही खाल्ल्या. खणांचा ढीग पडायचा, त्यांची पोलकी आईने आम्हा बहिणींना शिवली. मी त्या काळात जितकी रंगीत पोलकी घातली तितकी आमच्या आळीत कुणी घातली नसतील. ज्या बाईच्या ओटीत ते खण पडत होते ती मात्र पांढऱ्या लुगड्यात त्यांच्या घड्या घालत बसायची.

थेटराचं मागचं दार आणि आमचं परस यांच्या मध्ये एक हौद होता. घरात शिरण्याआधी आत्याने त्या हौदावर तोंड धुवायचं, असा अण्णांचा हुकूम होता. दारापलीकडे ती देवी, दाराअलीकडे यमी. पाण्यात लाल रंग उतरायचा आणि दगडावर ओघळायचा. ती फार सावकाश धुवायची. एकदा तिच्या अंगात ताप होता, तरी तिला घोंगडीत गुंडाळून नेलं. एकदा ती बाहेरची झाली. आई पहिल्यांदाच अण्णांसमोर उभी राहिली. म्हणाली, ‘अहो, आज तरी नको. तिला मी कोपऱ्यात बसवलीय. पाप लागेल.’ घरात तशा दिवसांत आईने पाण्याच्या हंड्याला शिवलेलं ज्याला चालत नसे तो माझा बाप म्हणाला, ‘देवीला कसला आलाय विटाळ?’ आणि लांब ढांगा टाकत निघून गेला. आमचा धर्म तिकिटाच्या खिडकीपाशी किती लवचिक होतो ते मी त्या वयात पाहिलं, म्हणून पुढे कुणाच्या धर्माचा मला फारसा धाक वाटला नाही.

पुढे मोठेपणी मी आत्याला एकदा विचारलं होतं, खरंच काही यायचं का अंगात? ती वाती वळत होती. म्हणाली, ‘पहिल्या दिवशी काय झालं ते मला ठाऊक नाही. नंतरचं म्हणशील तर, कपाळाला कुंकवाचं बोट लागायचं ना, ते गार लागायचं. तेवढ्यासाठी मी उभी राहायची.’ मग म्हणाली, ‘पंधरा वर्षांची होते गं मी पुसलं तेव्हा.’

सिनेमा काही संपेना. पुण्यात उतरला, नाशकात उतरला, आमच्याकडे चालूच. अण्णा अंगरख्याला अत्तर लावायला लागले. लोक त्यांना विचारत, अण्णासाहेब, हा विक्रम केलात तरी कसा? अण्णा मिशीवरून हात फिरवत म्हणत, ‘चित्रात दम असावा लागतो.’ शेवटी रौप्यमहोत्सव आला. पेट्या पाठवणारे मुंबईचे शेठ स्वतः यायचे ठरले. थेटराला आंब्याची तोरणं लागली, सनई आणली. खेळाआधी दारात सुवासिनींनी शेठना आणि सिनेमाच्या पेट्यांना ओवाळायचं, असा कार्यक्रम ठरला. पत्र्याच्या पेट्यांना हळदकुंकू! ओवाळणीचं ताट आत्यानेच लावलं. निरांजनं घासली, वाती वळल्या, अक्षता केल्या. ते ताट आईच्या हातात देऊन ती तिच्या मागोमाग निघाली, रोजच्यासारखी. अण्णांनी तिला सोप्यातच अडवलं.

‘तू कुठे?’

‘थेटरात.’

‘आत्ता नको. मंगल प्रसंग आहे, शेठच्या समोर पहिलं तुझं तोंड यायला नको. ओवाळणं होऊ दे. मग विहिरीच्या वेळेला मागच्या दाराने ये.’

हे बोलताना त्यांना आपण काही वावगं बोलतोय याची शंकाही आली नाही, हे मी शपथेवर सांगते. त्यांच्या लेखी सगळं नीट होतं. देवी विहिरीच्या वेळेला यायची, त्याआधी घरात होती ती विधवा. आत्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि माघारी फिरली. स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसली. सनई भिंतीतून ऐकू येत होती.

विहिरीच्या थोडं आधी ती मागच्या दाराने आली आणि खुर्चीवर बसली. मी तिच्या पायाशी होते. थेटर गच्च भरलं होतं, बायका एकमेकींच्या मांडीवर बसल्या होत्या. पडद्याशेजारी शेठ आणि अण्णा हार घालून उभे होते, हा चमत्कार शेठना दाखवायचा होता. सासूने ढकललं. सून पडली. देवी मुकुट सावरत वर आली. आत्या बसून राहिली. हात मांडीवर, डोळे पडद्यावर, शेजारच्या गावाला जायला निघालेली बाई गाडीत बसावी तशी. सासू पाय धरून रडली, प्रसंग संपला, आणि कुजबुज सुरू झाली. मशीनवाल्याने आपणहून खेळ थांबवून दिवे लावले. पारूबाई ओटी घेऊन पुढे आली.

‘आई, आज का गं रुसलीस? आमी लई लांबून आलोय.’

आत्या उठली. घुमली नाही, थरथरली नाही. घरात बोलायची त्याच आवाजात बोलली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. ‘देवी कुठून येणार? मघाशी दारात ओवाळणं होतं. विधवेचं तोंड नको म्हणून मला स्वयंपाकघरात बसवली होती.’

अण्णा ‘यमे!’ म्हणून पुढे धावले, पण मध्ये बायका होत्या. आत्याने पारूबाईच्या हातातल्या करंड्याकडे बोट दाखवलं.

‘पारूबाई, लाव मला कुंकू.’

‘आदी अंगात तर येऊ दे की.’

‘अंगात कुणी नाही. मी यमुना आहे. मलाच लाव. रोज लावतेस ना याच कपाळाला?’

तिने कपाळ पुढे केलं. डोळे मिटले. पारूबाईचं बोट करंड्यात होतं, ते तसंच राहिलं. मी तिच्या अगदी जवळ होते, तिचा चेहरा मला दिसत होता. बाई वाईट नव्हती. घाबरली होती. ‘तशी कशी लावू बाई?’ ती म्हणाली. ‘मला पोरंबाळं हायेत. धनी हाय.’ आणि तिने करंडा पदराखाली घेतला. आत्याने डोळे उघडून बाकीच्यांकडे पाहिलं. जिच्या पायांवर या सगळ्यांनी डोकी ठेवली होती तिच्यासमोर एकेक बाई मागे सरत होती. कुणीतरी आपल्या लेकीला मागे ओढलं. त्या थेटरभर बायकांचा त्या दिवशी मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. बापाचं मी समजू शकते, त्याला गल्ला भरायचा होता. यांना काय मिळवायचं होतं?

आत्या मागच्या दाराने बाहेर पडली. मी मागोमाग गेले. हौदापाशी ती थांबली आणि सवयीने तोंड धुतलं. धुण्यासारखं कपाळावर काही नव्हतं.

आतून पारूबाईचाच आवाज आला, ‘देवी कोपली गं! देवी कोपली!’ आणि सगळा कालवा उसळला. मी तेव्हा मनात म्हटलं, बरं झालं, आता कळेल अण्णांना. किती मूर्ख होते मी. शेठ संध्याकाळी आमच्या सोप्यावर बसून करंज्या खाता खाता म्हणाले, ‘अण्णासाहेब, हे तर सोन्याहून पिवळं झालं! कोपलेली देवी बघायला दुप्पट माणूस येतो.’ दुसऱ्या दिवशी थेटरावर नवी पाटी लागली, देवीचा कोप झाला आहे, माताभगिनींनी क्षमा मागायला यावं. अण्णा आत्याची मनधरणी करायला आले. रागावले, हात जोडले, बापाची शपथ घातली. आत्या गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘मी कशाला हवी? खुर्ची आहे की तिथे.’

हे तिने संतापाने म्हटलं होतं. अण्णांनी ते उचललं. खुर्चीला शालू नेसवला, हार घातला, पुढ्यात पाट मांडला, आणि बायका त्या खुर्चीची ओटी भरायला लागल्या. तिला मळवट भरू लागल्या, तिच्या पायांवर लेकरं घालू लागल्या. आत्या बसत होती त्या काळापेक्षा रिकाम्या खुर्चीवर सिनेमा जास्त चालला. विक्रम म्हणतात तो त्या खुर्चीचा आहे. आत्या भिंतीच्या अलीकडे भाकऱ्या थापत असायची, पलीकडे सून रोज विहिरीत पडायची, आणि नारळ फुटल्याचे आवाज यायचे. खुर्चीच्या पाया पडून बायका आमच्या बोळातून जात. तेव्हा आत्या पाण्याची बादली घेऊन समोर आली की त्या थबकत, दोन पावलं मागे जात, आणि तिची सावली टळली की पुढे निघत. पारूबाईसुद्धा. आत्याने मग दुपारचं पाणी भरायचं सोडून दिलं.

ती माझ्या घरी वारली, माझ्या हातांवर. कपाळ मोकळंच होतं. मी कुंकू लावायला गेले होते बरं का, आधी, ती धडधाकट असताना. पुष्कळदा. तिने हात धरला. म्हणाली, ‘आता नको. तेव्हा हवं होतं.’

तर तो तरुण जाताना म्हणाला, ‘आजी, थेटर पाडताना एक जुनी लाकडी खुर्ची सापडली. तिच्यावर अजून कुंकवाचे थर आहेत. देवीची खुर्ची म्हणून आम्ही ती प्रदर्शनात मधोमध ठेवणार आहोत. उद्‌घाटनाला तुम्ही हार घालाल ना?’

मी विचारलं, ‘तिच्यावर कोण बसायचं, माहीत आहे?’

‘कुणीच नाही ना? तीच तर गंमत,’ तो म्हणाला.

मी त्याला सांगितलं, हार घालायला मी येणार नाही, पण प्रदर्शन झालं की ती खुर्ची माझ्याकडे पाठवून दे. त्याला बरं वाटलं. म्हाताऱ्या माणसाला आठवण हवी असते असं त्याला वाटलं असेल. मी त्याला खरं कारण सांगितलं नाही. माझ्याकडे तांब्याचा बंब अजून आहे, आणि सुकलेलं लाकूड चांगलं जळतं. त्या खुर्चीवर माझ्या एका आंघोळीचं पाणी तापलं तरी पुष्कळ झालं.